उजवा मागचा कोपरा

१६ जानेवारी १९८९, सोमवार

शांतारामची गाडी आज गॅरेजात आली. ट्रॅक्टरला दोर बांधून नवापूरहून ओढत आणली. वत्सलावहिनी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून आल्या, डोक्यावर पदर, हातात गाडीची किल्ली. इंजिन मेलेलं असताना किल्ली कशाला आणली ते कळलं नाही. उतरल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली.

शांताराम तांडेल गेल्या भादव्यात गेला. आम्ही नवापूरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे मी कुर्ल्याला पत्राकाम शिकायला गेलो, तो ड्रायव्हर झाला आणि हा जुना बेडफर्ड ट्रक घेतला. मासे, बर्फ, गवत, काय मिळेल ते वाहायचा. गेली नऊ वर्षं गाडी त्यांच्या घरामागे झापांच्या मांडवाखाली उभी होती. खाऱ्या हवेनं लोखंड पार खाल्लंय.

वहिनींना सुकी मासळी घेऊन स्वतः बाजार करायचेत, पालघर, मनोर. ड्रायव्हर ठेवणार आहेत. इथवर ठीक. मग म्हणाल्या, रंगाला हात लावायचा नाही. शांतारामनं गाडी घेतली तेव्हा स्वतःच्या हातानं हिरवी रंगवली होती. तो रंग आहे तसा राहिला पाहिजे. मी म्हटलं, वहिनी, गंज काढायचा तर रंग जाणारच. त्या म्हणाल्या, "गंज काढा. सडलंय ते कापा. नवा पत्रा टाकाल तो नवाच दिसू दे, त्याला मिळवून घेऊ नका. पण त्यांच्या हातचा हाय तेवढा राहू द्या. मागून कोणी लावला असेल तो गेला तरी चालेल."

बायकांच्या मनात काय येईल सांगता येत नाही. नाही म्हणायचं होतं. बोईसरात पत्रावाले काय कमी आहेत? मी तसं सुचवलंही. त्या म्हणाल्या, "ही गाडी तुमच्याच हातची हाय, भाऊ."

कारण सापडलं नाही म्हणून हो म्हटलं. केमिकल कंपनीच्या स्टोअरकीपरनं दिलेली ही डायरी कोरीच पडली होती. काय काय करायचं ते लिहून ठेवावं म्हणून काढली.

१८ जानेवारी

आज गाडी नीट पाहिली. दोन्ही मडगार्ड खालून चाळणी. केबिनच्या फरशीत पाय जाईल एवढं भोक. दाराच्या खालच्या कडा बोटानं चुरतात. छत चांगलं आहे. बॉनेट चांगलं.

रंग पाहिला, कारण तोच राखायचा आहे. ड्रायव्हरच्या दारावर खिडकीच्या कडेला हिरवा जाऊन खालचा लाल ऑक्साईड दिसतो आणि त्याच्याही मधोमध वीतभर उघडं लोखंड, गुळगुळीत. शांतारामचं कोपर तिथं असायचं. पायरीवरचा रंग डाव्या बाजूलाच गेलाय, तो डाव्या पायानं चढायचा. बॉनेटच्या कडीपाशी बोटांची चार ठिकाणं.

आणि मागे पापलेट आहे. मागच्या फाळक्याच्या, म्हणजे माल चढवायला खाली पाडतात त्या फळीच्या, उजव्या टोकाला त्यानं पांढऱ्या रंगानं पापलेट काढलं होतं. खवले जमले नाहीत, पिंपळाचं पान दिसतं. आम्ही हसलो होतो. तो म्हणाला होता, माशाला कळतंय ना, बस्स.

पापलेट लांबूनच पाहिलं. मागे गेलो नाही.

२० जानेवारी

पुढून काम धरलं. घाई करता येत नाही. एरवी मी ब्लोलॅम्प लावतो, रंग जाळतो, पोलादी ब्रश फिरवतो, दोन दिवसांत गाडी उघडी. इथं गंजाच्या कडेनं छिन्नी हळूच चालवायची, रंगाचा पापुद्रा उठायला लागला की थांबायचं. उठलेल्या पापुद्र्याखाली जवसाचं तेल कापसानं सोडायचं आणि अंगठ्यानं दाबून बसवायचा. वेल्डिंग मारायचं तिथं चारी बाजूंनी ओली माती थापायची, वर ओलं गोणपाट, म्हणजे आच रंगापर्यंत जात नाही. बोटभर मारायचं, थंड होऊ द्यायचं, मग पुढचं बोटभर.

काम आवडायला लागलं, हे खरं. लाज वाटते लिहायला.

२४ जानेवारी

वहिनी आल्या. सोड्यांची, सुक्या कोलंबीची पुडी आणली होती. मडगार्ड पाहिलं. नवा पत्रा लाल ऑक्साईड मारून तसाच सोडलाय, शेजारी जुना हिरवा. म्हणाल्या, असंच पाहिजे होतं. मग विचारलं, मागे कधी पोचाल. मी म्हटलं, पुढून मागे जातो, क्रमानं.

चहा घेताना शांतारामबद्दल बोलत होत्या. गाडी चालवणं सुटल्यावर तो घरीच असायचा, जाळी विणायचा. पण कडी लावायला त्याला वेळ लागायचा. दाराची कडी लावायची, चार पावलं जायचं, परत यायचं, हात लावून बघायचं. कोंबड्यांचं खुराडं बंद केलं की वहिनींना हाक मारायची, "लावली का गं मी?" लावली म्हटलं तरी पुन्हा उठायचा. शेवटच्या वर्षी तर स्वतः कडी लावणं सोडलंच त्यानं. म्हणाला, माझ्या हाताचा भरवसा नाय.

बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या. बिचाऱ्या एकट्या पडल्यात, कुणाशी तरी बोलावंसं वाटत असणार.



२५ जानेवारी

काम झालं नाही. बसून राहिलो.

गाडीचं काय झालं होतं ते गावाला माहीत आहे, तसंच लिहितो. १९७९ साली दिवाळीनंतर गवताचा हंगाम होता. शांताराम मनोरच्या पुढच्या पाड्यांवरून मजूर आणायचा, गवत कापून झालं की परत सोडायचा. त्या संध्याकाळी अकरा माणसं मागे होती. वाघोबाच्या खिंडीचा चढ चढताना मागचा फाळका उघडला आणि फाळक्याला टेकून बसलेली नवसी नावाची बाई रस्त्यावर पडली. शांतारामनं तिला उचलून गाडीतूनच पालघरला दवाखान्यात आणलं. ती वाटेतच गेली होती.

पंचनाम्यात आलं की फाळक्याची उजवी खीळ लावलेली नव्हती. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. लायसन गेलं, सहा महिने ठाण्याच्या तुरुंगात काढून आला.

गावाला एवढंच माहीत आहे.

३० जानेवारी

केबिनची फरशी झाली. दोन्ही दारं झाली. ड्रायव्हरच्या दारावरचं उघडं लोखंड सायकलच्या नळीच्या रबरानं पुसलं, तेलाचा हात दिला. कोपराची जागा तशीच चकाकते.

आता मागे जाण्यावाचून इलाज नाही.

बायकोनं, चंद्रानं, विचारलं, झोपेत दात का खाता. मी म्हटलं, दाढ दुखते. ती म्हणाली, ती गाडी घ्यायला नको होती तुम्ही. का, म्हणून विचारलं नाही मी.

२ फेब्रुवारी, गुरुवार

उजवा मागचा कोपरा उघडला.

फाळक्याची खीळ ज्या लोखंडी कानात जाते तो कान या कोपऱ्याच्या खांबावर बसवलेला असतो. खांबावर हातभर जागा वेगळ्या हिरव्या रंगाची आहे. शांतारामचा हिरवा उन्हानं पिवळसर झालाय, हा अजून निळसर. माझा रंग. छिन्नी लावायच्या आधीच खालचा टवका उडालेला होता आणि आत भरलेली लांबी, म्हणजे पुटी, फुटून बाहेर आली होती. उंदरानं कुरतडलं असेल असं वाटलं. बोट घातलं. आत गोणपाटाचा बोळा, त्यावर लांबी, त्यावर डब्याचा पातळ पत्रा, त्यावर रंग.

लिहून टाकतो. वाचणार कोण आहे?

सप्टेंबर ७९ मध्ये मी हे गॅरेज काढलं. शांताराम म्हणाला, पहिलं काम माझ्या गाडीचं कर, तुला लाभेल. हा खांब सडला होता. कापून नवा अँगल जोडायला हवा होता. दुसऱ्या दिवशी उद्घाटनाची पूजा, गॅस संपलेला, सासरची माणसं आलेली. मी बोळा कोंबला, लांबी भरली, पत्र्याचा तुकडा मारला आणि रंग दिला. वरून इतकं सुरेख दिसत होतं की मलाच बरं वाटलं. शांतारामनं थाप मारून पाहिलं, नवा टाकलास? मी म्हटलं, नवा टाकलाय. हंगाम संपला की नीट करून देईन असं मनाशी ठरवलं होतं. पहिलंच काम अर्धवट म्हणून परत कसं द्यायचं? सासऱ्यांसमोर? एवढंच कारण होतं. दुसरं मोठं काही नव्हतं.

अजून आहे.

४ फेब्रुवारी

त्या दिवशी निरोप आला तसा मी पालघरला गेलो. दवाखान्याच्या आवारात गाडी उभी होती, फाळका दोरीनं बांधलेला. शांताराम आत होता, त्या बाईच्या माणसांपाशी. पोलीस अजून यायचे होते. मी मागे जाऊन पाहिलं. कान खांबातून उपटून फाळक्याला लोंबत होता. आणि त्याच्यात खीळ होती. घट्ट बसवलेली.

म्हणजे शांताराम विसरला नव्हता. त्यानं खीळ लावली होती. माझ्या लांबीतून कान निघाला होता.

मी खीळ उपसली. कान परत भोकात ठोकून बसवला, वर ग्रीस आणि चिखल फासला. खीळ खिशात घातली आणि घरी येताना पुलावरून खाली टाकली. हे सगळं करायला मला किती वेळ लागला असेल? पाच मिनिटंही नाही. हात एकदाही चुकला नाही.

हवालदारानं विचारलं, मिस्त्री तुम्हीच ना, कान पक्का होता? मी म्हटलं, पक्का होता साहेब, नवा अँगल टाकलाय मी, खीळ लावली असती तर फाळका हलला नसता. शांताराम शेजारी उभा होता. त्याच्या सदऱ्यावर त्या बाईचं रक्त होतं. तो म्हणाला, एकनाथ म्हणतो तर तसंच असेल. मला लावल्यासारखं वाटतंय, पण तसंच असेल.

दुसऱ्या दिवशी खांबाला वरून पट्टी मारून तो कान मी कायमचा जाम केला. आतली लांबी तशीच राहिली.

ठाण्याहून सुटून आला तेव्हा माझ्याकडेच आला आधी. विचारलं, मी लावली होती का रे? मी म्हटलं, विसरला असशील, होतं माणसाकडून.

६ फेब्रुवारी

खांब कापला. नवा अँगल घातला. आता हा दहा फाळके धरेल.

वेल्डिंग एका दमात मारलं. माती नीट थापलेली नसणार, किंवा वाळली असेल. धूर दिसला तोपर्यंत फाळक्याच्या टोकावरचा रंग फुगला होता. पापलेटाची शेपटी जळाली. चार बोटं जागा, काळी.

सबंध गाडीत दुसरीकडे कुठेही रंग जाळला नाही मी.

७ फेब्रुवारी

शेपटी काढली.

पांढऱ्यात थोडा पिवळा, चिमूटभर काजळी. हिरवा जुळवायला अर्धा दिवस गेला, उन्हात नेऊन नेऊन पाहिला. वाळल्यावर रॉकेलच्या बोळ्यानं पुसला, बारीक कागदानं घासला, कडेला सुईनं तडे पाडले, वर चहाचं पाणी. शांतारामचा हात जसा शेवटाला वळायचा तसा वळवला. मला स्वतःला ओळखू येत नाही. असं काम पालघर तालुक्यात दुसरा कुणी करू शकणार नाही.

हे लिहिलं आणि वाचलं. त्या सप्टेंबरात असंच वाटलं होतं.

११ फेब्रुवारी, शनिवार

वहिनी आल्या. इंजिनवाल्यानं काल गाडी चालू करून दिली होती. मी चालू करून दाखवली. त्यांनी सगळीकडून फिरून पाहिलं, नव्या खांबाला हात लावला, तो लालभडक उघडा.  मग पापलेटापाशी थांबल्या. डोक्यापासून शेपटीपर्यंत बोट फिरवत नेलं आणि शेपटीवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. डोळे भरले होते. म्हणाल्या, एवढं तरी त्यांच्या हातचं नीट राहिलं.

त्यांचा हात माझ्या रंगावर होता.

मी म्हटलं, "वहिनी, ती शेपटी शांतारामची नाय. जाळली मी, आणि मी काढली."

त्यांनी हात काढला. मला वाटलं रागावतील. पण मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा कधी बोललो नसतो. बोळा, लांबी, डब्याचा पत्रा, दवाखान्याचं आवार, खीळ, हवालदार, सगळं सांगितलं. शांताराम सुटून आल्यावर "मी लावली होती का" विचारायला आला होता तेही. मी खाली बघून बोलत होतो, माझ्या चपलेवर वेल्डिंगच्या ठिणग्यांची भोकं आहेत ती मोजत होतो.

त्या शेपटीकडे वळल्या.

"हे खिळीचं मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "लांबीचं माहीत होतं."

गेल्या दिवाळीला त्यांनी गाडी धुतली होती. विकून टाकावी असं मनात होतं. कोपऱ्यात फडकं घातलं तर रंगाचा टवका निघाला आणि लांबीचा गोळा हातात आला, मागोमाग गोणपाट. नवा अँगल टाकलाय हे माझे शब्द त्यांनी शांतारामकडून शंभरदा ऐकले होते. तो माझी साक्ष काढायचा, एकनाथनं नवा टाकलेला, म्हणजे चूक माझीच. त्या टवका धरून मांडवात बसून राहिल्या. मग ठरवलं, गाडी माझ्याकडेच आणायची आणि माझ्याच हातानं तो कोपरा उघडायचा.

मी विचारलं, सरळ विचारलं का नाही.

"विचारलं असतं तर तुमी नाय म्हटलं असतं. रंग लावून झाकलं असतं. म्हणून रंगाला हात लावू दिला नाय." मग म्हणाल्या, "तीन वेळा आले मी. दर खेपेला वाटायचं, आज बोलतील."

मी नमस्कार करायला वाकलो तर मागे सरकल्या. म्हणाल्या, माझ्या पाया पडून काय उपयोग. आणि मग जे बोलल्या ते लिहायला हात उचलत नाही. म्हणाल्या, घरात भांडण झालं की त्या स्वतः तेच काढायच्या. खीळ लावायला विसरणारा माणूस. बाईचा जीव घेतलेला माणूस. तो उलटून कधी बोलला नाही. "नऊ वर्षं मी त्यांना ते ऐकवलं भाऊ. मी कुणाच्या पाया पडू?"

गाडी घेऊन गेल्या नाहीत. शेपटी खरवडून काढा म्हणाल्या. आणि पुढच्या रविवारी मनोरला जायचं, नवसीच्या माणसांकडे. गाडी मी चालवायची. नवापूरच्या लोकांना नंतर सांगायचं, आधी तिथं.

१२ फेब्रुवारी

चंद्राला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. म्हणाली, त्या दिवशी तुमच्या पँटच्या खिशाला ग्रीसचा लांबट डाग पडला होता. सोडा घालून तीन वेळा धुतला. विचारलं नाही, कारण उत्तर नको होतं.

मग उठून गेली. 

१४ फेब्रुवारी

शेपटी खरवडली. निघता निघेना, इतकी चांगली बसली होती. आता पापलेट अर्धंच आहे आणि पुढे उघडा पत्रा. त्याला तेल दिलं.

१८ फेब्रुवारी

उद्या जायचं. आजारी पडता येईल का असा विचार आज दोनदा आला. तिसऱ्यांदा तर कपाळाला हातही लावून पाहिला.

१९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नवापूरहून वहिनींना घेतलं.  खिंडीच्या चढाला मी गिअर बदलला तेव्हा म्हणाल्या, हळू. एवढंच.

पाडा मुख्य रस्त्यापासून आत आहे. गाडी थांबली तशी पोरं धावत आली आणि मागोमाग दोन बायका, आणि त्या गाडीला बघून उभ्याच राहिल्या. गाडी सगळ्यांच्या ओळखीची होती. तिचा रंगच तो.

नवसीचा नवरा सुका आता म्हातारा झालाय, एका डोळ्यात फूल पडलंय. वहिनींना त्यानं ओळखलं नाही, पण नाव सांगितल्यावर आत जाऊन घोंगडी आणली, अंगणात टाकली. मला आधी वाटलं तो आम्हाला हाकलेल. त्यानं विचारलं, डायवर कसा हाय, दिवाळीला आला नाय यंदा.

ते मला माहीत नव्हतं. वहिनींनाही नव्हतं. शांताराम दरवर्षी दिवाळीनंतर एसटीनं इथं यायचा. घरी सांगायचा की सफाळ्याला बहिणीकडे जातो. बोंबलाची जुडी आणायचा, सुकाच्या दारात बसायचा, पाया पडायचा, जायचा. पहिल्या वर्षी सुकानं बोंबील उचलून शेतात फेकले. दुसऱ्या वर्षी घेतले नाहीत. तिसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला होता, घरात काही नव्हतं, घेतले. त्यानंतर तो आला की भाकरी खाऊन जायचा.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. शांताराम गेल्याचं त्यांनीच सांगितलं. सुका घोंगडीवर बसला. मग म्हणाला, "चांगला मानूस. चूक जाली त्याची, पन आला. दर साली आला."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. वाटेत जे घोकलं होतं त्यातलं काहीच आठवलं नाही. म्हटलं, चूक त्याची नव्हती, माझी होती. त्यानं खीळ लावली होती. मी खांबात लांबी भरली होती, आणि खीळ काढून मी फेकली. सुकाला पहिल्यांदा कळलं नाही. मी गाडीपाशी नेऊन नवा खांब दाखवला, हात लावून दाखवला की कान कसा निघाला असेल. तो चांगल्या डोळ्यानं खांबाकडे बघत होता, माझ्याकडे नाही. म्हणाला, "त्याला मी तीन साल बोललो नाय. दारात बसायचा, मी पानी दिला नाय." मग म्हणाला, "आता तुला काय करू?" खरंच विचारत होता. 

तेवढ्यात मागून एक पोरगी पुढे आली. अठरा-एकोणीस वर्षांची, कडेवर मूल. सुकाची मुलगी तानी. त्या संध्याकाळी ती गाडीत होती, आईच्या शेजारी, हे मला आजच कळलं. नऊ वर्षांची असेल. ती ओट्यापाशी उभी राहून सगळं ऐकत होती.

"मी तवाच सांगितला होता," ती बापाला म्हणाली. "डायवर मागं आला नि खीळ घातली. मी बघितला. पोलिसाला सांगितला, तुला सांगितला, मामाला सांगितला. कोनी आयकला नाय."

सुका म्हणाला, तू लहान होतीस. ती म्हणाली, लहान होती पण आंधळी नव्हती. मग माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. एखादी हरवलेली वस्तू कुठं पाहिली का असं विचारावं तसं ती बोलत होती.

"सगली बोलायची, पोरीला आये गेली म्हनून कायपन बोलते. मंग मी मोठी जाली, तवा मना पन वाटाया लागला, का मी खोटाच बघितला. सपान असंल. डायवर यायचा तवा मी घरात जाऊन बसायची. त्याचा तोंड बघायची नाय."

मी म्हटलं, तू खरं बोलत होतीस.

"ते आता समजला," ती म्हणाली. "पन तू मनाच सांगून काय? ही सगली हायत, यांना सांग. मोठ्यानी."

अंगणात तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यातले काही त्या दिवशी गाडीत असतील. मी उभा राहिलो आणि पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून. एका म्हाताऱ्यानं मागून ओरडून सांगितलं, आयकू येत नाय, तेव्हा अजून मोठ्यानं. वत्सलावहिनी घोंगडीवर ताठ बसून ऐकत होत्या. मी म्हटलं, शांतारामनं खीळ घातली होती, तानीनं पाहिलं ते खरं आहे.

"दगडानी ठोकली," तानी म्हणाली.

मला ते माहीत नव्हतं. मी थांबलो.

"घातली नि दगडानी ठोकली. दोन खेपा. नीट बोल."

मी नीट बोललो. म्हटलं, शांतारामनं खीळ घातली, आणि दगडानं ठोकली, दोन वेळा. तानीनं मान हलवली, मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, आता पुढचा सांग.